‘इतर लहान पक्षी’ आणि गयाबाई डोईफोडे

गयाबाई डोईफोडे यांची आणि माझी ओळख झाली, त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. मी नुकतीच उस्मानपुऱ्यातल्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राची अधिव्याख्याती म्हणून रुजू झाले होते. पहिल्याच हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन खुलताबादच्या वरच्या माळावर गेले. सोबत प्रयोगशाळा परिचर म्हणून गयाबाई होत्या. डोक्यावरून पदर, एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात प्रथमोपचाराची पेटी. चालता चालता गवतातून एक तपकिरी पाखरू उठलं आणि थोड्या अंतरावर जाऊन बसलं. मी दुर्बीण लावली आणि मोठ्या आवाजात सांगितलं, हा चंडोल. सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं.

मुलं पुढे गेल्यावर गयाबाई माझ्या बाजूला आल्या. आवाज इतका खाली आणला होता की मलाच नीट ऐकू यावं म्हणून मान वळवावी लागली. म्हणाल्या, “मॅडम, ती तीरचिमणी व्हती. चंडोल बसल्यावर शेपटी अशी खालीवर करीत नाय.”

मी तशीच मुलांमागे चालू लागले. पाण्याचा कॅन वाहणाऱ्या बाई मला पक्षी शिकवणार, हे मला सहन झालं नाही. संध्याकाळी खोलीवर जाऊन पुस्तक उघडलं. गयाबाईंचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी दुरुस्ती सांगितली. ती कोणी सुचवली, हे मात्र सांगितलं नाही. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात ते पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि इतका उशीर झाल्याची मला लाज वाटते.

या ग्रंथाच्या संपादक मंडळानं लेख मागवताना प्रेमानं कळवलं होतं की शक्यतो गोड आठवणी लिहाव्यात, जुने वाद उकरून काढू नयेत. मंडळातले सगळे गयाबाईंच्या हाताखालून गेलेले माजी विद्यार्थी आहेत, त्यामुळे त्यांचा हेतू मला समजतो. पण गयाबाईंबद्दल फक्त गोड लिहायचं, तर ज्यांनी त्यांना आयुष्यभर पाणी आणणारी बाई समजलं त्या सगळ्यांना मोकळं सोडावं लागेल. त्या सगळ्यांत पहिली मीच आहे. तेव्हा मंडळानं मला माफ करावं.

ज्यांनी कधी पाखरांकडे निरखून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोर, पोपट, खंड्या ओळखायला कुणाची मदत लागत नाही. आपल्या माळांवरची लहान पाखरं तशी नसतात. तीरचिमण्या, चंडोल, वटवटे या सगळ्यांचा रंग वाळल्या गवताचा आणि मातीचा. एकीच्या छातीवरच्या रेघा जरा दाट, दुसरीच्या विरळ. एकीच्या डोळ्यापुढे काळसर पट्टी, दुसरीचा चेहरा कोरा. त्यातही ऊन वरून आलं की पट्टी दिसत नाही, पिसं झिजली की रेघा पुसट होतात. अशा वेळी चाल पाहायची, शेपटी पाहायची, उठताना पाखरू काय बोललं ते ऐकायचं, आणि हे सगळं एखाद्या श्वासाच्या अवधीत. पुस्तकातलं चित्र तिथे फार थोडं कामाला येतं. वर्षानुवर्षं माळ तुडवल्याशिवाय ही विद्या येत नाही. ती ज्यांच्याकडे होती, त्या गयाबाई आमच्या विभागात निवृत्तीपर्यंत काचपट्ट्या आणि बाटल्या धूत राहिल्या.

गयाबाई खुलताबादजवळच्या एका गावातल्या धनगर कुटुंबात जन्मल्या. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग आईबरोबर मेंढरांमागे जाणं सुरू झालं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, मेंढरं राखणाऱ्या माणसाला दोन तपकिरी चिमण्यांमधला फरक कशाला लागतो? त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला लागायचा. ही पाखरं जमिनीवरच घरटं करतात; कुणी दगडाच्या आडोशाला, कुणी गवताच्या बुडाशी, कुणी गुराच्या खुराच्या खळग्यात. उठलं कोण ते कळलं की घरटं साधारण कुठे असेल ते कळायचं, आणि आई कळप तिथून वळवायची. एकदा पावसाळ्यात गयाबाईंचं लक्ष नव्हतं आणि मेंढरं एका घरट्यावरून गेली. आईनं मारलं नाही. त्या जागेपासून थोडं लांब गयाबाईंना बसवलं आणि पुन्हा पुन्हा तिथेच येणाऱ्या त्या दोन पाखरांकडे दिवसभर बघायला लावलं. “सांजच्यापर्यंत मला त्यांची चाल पाठ झाली,” एवढंच गयाबाई त्याबद्दल सांगतात.

लग्न होऊन त्या शहरात आल्या. पती आमच्याच महाविद्यालयात शिपाई होते. ते लवकर गेले आणि त्यांच्या जागी गयाबाईंना घेतलं गेलं. तेव्हापासून अख्खं महाविद्यालय त्यांना मावशी म्हणू लागलं. मावशी, चहा. मावशी, बेडूक. मावशी, फळा पुसायचा राहिला. या शब्दात माया नव्हती असं मी म्हणणार नाही, पण माया किती होती आणि सोय किती होती, हे आपण प्रत्येकानं स्वतःला विचारावं. विभागातल्या सगळ्यांना आडनावं होती, पदं होती, दारावर पाट्या होत्या. मावशींना आडनाव आहे, हे पुष्कळांना त्यांच्या निवृत्तीच्या निमंत्रणपत्रिकेवरूनच कळलं.

मी त्यांची शिष्या कधी झाले, ते सांगते. माझे वडील गेले त्या वर्षी मी दिवस करून परत कामावर आले. भेटेल तो धीर द्यायचा आणि मला तो धीर नकोसा झाला होता. मधल्या सुट्टीत गयाबाई आल्या आणि म्हणाल्या, जरा मागच्या लिंबाखाली चला. मला वाटलं, यासुद्धा आता वडिलांबद्दल बोलणार. त्यांनी वर बोट दाखवलं. पानांत दोन हिरवट वटवटे फिरत होते, अंगठ्याएवढे, एक क्षण न थांबणारे. त्या म्हणाल्या की दोन्ही वेगळ्या जातींचे आहेत, कशावरून ते तुम्ही सांगा. मी तासभर मान वर करून उभी होते. एकाच्या पंखावर आखूड फिकट पट्टी होती, ती मला बऱ्याच वेळानं दिसली. दुसऱ्याचा आवाज दोन तुकड्यांत यायचा, ते त्याहून उशिरा कळलं. त्या तासात मला दुसरा कसलाही विचार आला नाही. गयाबाई शेजारी शांत उभ्या होत्या. पुढचे आठ दिवस त्या रोज मला तिथे घेऊन गेल्या आणि वडिलांचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.

तिथून पुढे दर रविवारी आम्ही माळावर जाऊ लागलो. त्यांची वही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मुलांच्या जुन्या प्रात्यक्षिक वह्यांतली कोरी पानं काढून, दोऱ्यानं शिवून केलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिला ‘बघितलं’, दुसरा ‘ऐकलं’, तिसरा ‘माहीत नाही’. बहुतेक पानांवर तिसराच रकाना सगळ्यांत जास्त भरलेला असायचा. तिथे पाखराचं नाव नसायचं; रंग, चाल, जागा, वारा कुठून होता एवढं असायचं. मी विचारलं, इतकी वर्षं बघताय, तरी इतकं माहीत नाही? त्यांचं म्हणणं असं की आधी काय दिसलं नाही ते माहीत व्हायला हवं, म्हणजे पुढच्या वेळी तिथेच बघता येतं. तिसऱ्या रकान्यातलं पाखरू कधी तीन-तीन हिवाळ्यांनी पहिल्या रकान्यात आलेलं मी पाहिलं आहे. घाई त्यांनी कधी केली नाही.

आता त्या प्रकरणाकडे येते, जे मंडळाच्या दृष्टीनं जुन्या वादांत मोडतं.

गयाबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तेव्हा विभागप्रमुख होते. खुलताबाद आणि वेरूळच्या मधल्या ज्या माळावर आम्ही जात होतो, ते गावचं गायरान. तिथे पर्यटकांसाठी मोठं संकुल उभारायचं ठरलं. राहायच्या खोल्या, हिरवळ, गाड्या लावायला जागा. लेण्यांना येणाऱ्या लोकांची सोय व्हावी याला कुणाचा विरोध असेल? पण त्या गायरानावर गावातली मेंढरं चरत होती, गयाबाईंच्या भावाचीसुद्धा, आणि तिथली पाखरं जमिनीवर अंडी घालत होती. नियमाप्रमाणे पर्यावरणाचा अहवाल करायला एका खासगी संस्थेचे तज्ज्ञ आले. मे महिन्यात आले, दोन दिवस राहिले. थंडीतले पाहुणे निघून गेलेले, पावसाळ्यात गाणारे अजून गप्प, अशा दिवसांत आले. त्यांच्या अहवालाची प्रत मी वाचली. कावळा होता, साळुंकी होती, पारवा होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘इतर लहान पक्षी, सर्वसामान्य’. त्याखाली निष्कर्ष होता की जागा पडीक असून वन्यजीवांच्या दृष्टीनं महत्त्वाची नाही.

इतर लहान पक्षी. ज्यांच्यासाठी एका बाईंनी पंचवीसेक हिवाळे घालवले, ती सगळी पाखरं या तीन शब्दांत आटोपली होती. मी तो कागद घेऊन गयाबाईंच्या घरी गेले. त्यांनी सावकाश वाचला आणि विचारलं, “यात माहीत नाय असं कुठंच नाय का?” मी म्हटलं, नाही. त्यांनी कागद परत दिला आणि वह्या काढायला उठल्या.

जनसुनावणी हिवाळ्यात होती. मधल्या पावसाळ्यात आम्ही नोंदी पक्क्या करायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये, पावसाच्या एका उघडिपीत, कमरेएवढ्या गवतातून एक रेषाळ तपकिरी पाखरू वर आलं, हवेत थोडं गायलं आणि पुन्हा गवतात बुडालं. धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीतला एक गवती वटवट्या असाच असतो, असाच गातो. तो इथे आहे असं सिद्ध झालं असतं, तर माळाला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. गयाबाईंनी तो वहीत लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह केलं. नंतर त्याच जागी त्या पहाटेच्या पहिल्या गाडीनं अनेकदा जाऊन बसल्या. पाखरू पुन्हा दिसलं नाही. सप्टेंबर संपताना त्यांनी ती नोंद एका रेघेनं खोडली.

मी त्यांच्याशी भांडले. हे मला सांगितलंच पाहिजे. मी म्हटलं, मी पाहिलं आहे, तुम्हीही पाहिलं आहे, प्रश्नचिन्हासकट तरी राहू द्या. समोरचे लोक दोन दिवसांत धडधडीत खोटं लिहून जातात आणि आपण खरं दिसलेलंही खोडायचं?

“अर्धंच गाणं ऐकलं मॅडम. पाठ दिसली, तोंड दिसलं नाय. अर्ध्यावर नाव लिवायचं नाय.”

मी म्हटलं, माळ जाईल.

त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. त्यांच्या भावाची मेंढरं त्याच माळावर होती. माझं काहीच तिथे नव्हतं. मग म्हणाल्या, “जाईल तर जाईल. पण मी खोटं लिवलं असं कळलं, तर बाकीचं समदं बी खोटं ठरंल.” मी रागानं निघून आले आणि दोन आठवडे त्यांना भेटले नाही.

सुनावणी गावच्या शाळेत झाली. आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनानं मला आधीच तोंडी सांगितलं होतं की तुम्ही जायचं तर जा, पण विभागप्रमुख म्हणून बोलू नका. मी गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. समोर समितीच्या अध्यक्ष म्हणून एक महिला अधिकारी होत्या, बाजूला संस्थेचे तज्ज्ञ. गयाबाई नेसत्या लुगड्यावर स्वेटर घालून उभ्या राहिल्या आणि वह्या टेबलावर ठेवल्या. तज्ज्ञांनी विचारलं, या कोण? कुणीतरी सांगितलं, कॉलेजात मावशी होत्या. काही लोक हसले. तज्ज्ञांनी वह्या चाळल्या आणि नेमकं ते पान वर धरून दाखवलं. म्हणाले की यांनीच लिहिलं आहे, यांनीच खोडलं आहे, अर्धं पान ‘माहीत नाही’नं भरलं आहे, अशा वहीवर सरकारनं निर्णय घ्यायचा का?

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. या वह्यांवर मी स्वतः शिकले आहे, या बाईंनी मला पहिल्या दिवशी दुरुस्त केलं होतं, हे सांगायला हवं होतं. मी बसून राहिले. नोकरीची सात वर्षं उरली होती, आणि मी बसून राहिले. इतरांवरचा माझा राग मी कितीही मोठ्यानं सांगितला, तरी त्याच्या आधी हा प्रसंग सांगणं मला भाग आहे.

गयाबाई घाबरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “साहेब, मला नक्की नाय कळलं म्हणून मी खोडलं. तुमी दोन दिवस व्हता. दोन दिसांत एकदा बी चुकला नाय का? आन चुकला असाल, तर ते कुठं लिवलंय?”

तज्ज्ञ म्हणाले की हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. अध्यक्षबाईंनी अहवालाची शेवटची ओळ काढली आणि विचारलं, इतर लहान पक्षी म्हणजे किती जाती? ते म्हणाले, असतील पाच-सहा, सगळ्या सारख्याच दिसतात. अध्यक्षबाईंनी कागद मिटला आणि म्हणाल्या, माळ शाळेच्या मागेच आहे ना, चला.

आम्ही तीसेक माणसं गवतात उतरलो. वारा जोरात होता. थोडं चालल्यावर एक पाखरू उठलं. तज्ज्ञांनी लगेच सांगितलं, चंडोल. गयाबाई म्हणाल्या, तीरचिमणी आहे, जरा थांबा, बसली की शेपटी हलवेल. पाखरू एका दगडावर बसलं आणि त्याची शेपटी खालीवर होऊ लागली. ती मी तीस पावलांवरून पाहिली, आणि माझे कान तापले. पुढे दुसरं उठलं, लांबवर गेलं आणि उतारापलीकडे दिसेनासं झालं. तज्ज्ञ आता सावध झाले होते, म्हणाले, हीसुद्धा तीच. अध्यक्षबाईंनी गयाबाईंकडे पाहिलं.

“हिचं मला सांगता येणार नाय,” गयाबाई म्हणाल्या. “वारा आडवा व्हता. बोलली, पण आवाज पोचला नाय.”

अध्यक्षबाईंनी दोघांची उत्तरं सोबतच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितली. परत वर्गात आल्यावर त्यांनी मूळ अहवाल बाजूला ठेवला आणि तिन्ही ऋतूंत नव्यानं पाहणी करायचा आदेश दिला. पाहणीत गयाबाईंना सोबत घ्यावं, असंही त्यात होतं. त्या दिवशी गावातल्या बायांनी गयाबाईंना घरोघरी चहाला नेलं. मी त्यांच्यासमोर जायचं टाळून गाडीत जाऊन बसले. गयाबाई स्वतःच गाडीपाशी आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की मॅडम, उतारापलीकडे गेलेली ती दुसरी कुठली होती असं तुम्हाला वाटतं? बाकीचं काही त्यांनी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

नवी पाहणी वर्षभर चालली. गयाबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या, आणि गुडघ्यांना पट्टे बांधून तरण्या अभ्यासकांच्या पुढे चालायच्या. आधीच्या अहवालात ज्यांना एक ओळ मिळाली होती, त्या लहान पाखरांना नव्या अहवालात कित्येक पानं मिळाली. शेवटी वरच्या अंगाचा, उंच गवताचा आणि खडकाळ माळ गायरान म्हणूनच राहिला. खालचा, रस्त्यालगतचा भाग गेला. तिथे आज कुंपण आहे, विकतची हिरवळ आहे, आणि गयाबाईंच्या भावाच्या मेंढरांना डांबरी रस्त्यानं वळसा घालून वर जावं लागतं. अर्धा माळ वाचला असं लोक म्हणतात. मला अर्धा गेला हेही तितकंच दिसतं.

आणि तो अहवाल छापून आला, तेव्हा त्यात गयाबाईंचं नाव नव्हतं. ज्यांनी वर्षभर दुर्बिणी लावल्या त्यांची नावं होती, गाडी चालवणाऱ्यांचं होतं, नकाशा काढणाऱ्यांचं होतं. आभाराच्या शेवटी लिहिलं होतं, ‘पक्षी ओळखण्याकामी एका स्थानिक महिला मदतनिसाचे सहकार्य लाभले.’ एका. त्यांना नाव माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? वर्षभर तेच लोक त्यांना हाका मारत होते. मी या वेळी गप्प बसले नाही. पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं, स्वतः जाऊन आले. गयाबाईंनाही अहवालात एक चूक सापडली होती. एका तीरचिमणीचं नाव दुसरीच्या चित्राखाली छापलं होतं, आणि ते दुरुस्त व्हावं म्हणून त्यांनी माझ्याच पत्रात दोन ओळी घालायला लावल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं. पाखराच्या नावाची चूक मान्य करून शुद्धिपत्रक काढलं होतं. आभाराच्या मजकुरात बदल करता येत नाही, असं खाली लिहिलं होतं.

मी ते उत्तर संतापानं वाचून दाखवलं. गयाबाईंनी शुद्धिपत्रक हातात घेतलं, नाव बरोबर छापलं आहे ना ते दोनदा पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. तो त्यांचा मोठेपणा आहे. पण त्यांच्या मोठेपणावर आपण आपली लबाडी का खपवावी? त्या रागावत नाहीत म्हणून कुणीच रागवायचं नाही, असं ठरलंय का? निदान या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत असेल, एवढं मी मंडळाकडून लेखी घेतलं आहे.

एक अलीकडची गोष्ट सांगून थांबते. गेल्या हिवाळ्यात वरच्या माळावर आम्ही काही विद्यार्थिनींबरोबर बसलो होतो. गयाबाई एका पाखराकडे बराच वेळ पाहत होत्या. मग शेजारच्या मुलीला त्यांनी हळूच विचारलं, “बोलली का ती?” मुलगी म्हणाली, हो, दोनदा. पाखरू दहा पावलांवर होतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं. गयाबाईंना आलं नव्हतं. वयानं सगळ्यांत आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि ही पाखरं नेमकी त्याच पट्टीत बोलतात. गयाबाईंनी वही उघडली आणि ‘ऐकलं’ या रकान्यात नोंद करायला घेतली. मग थांबल्या आणि त्या मुलीला विचारलं, “तुझं नाव सांग. वडलांचं, आडनावासकट समदं सांग.” ते तीनही शब्द त्यांनी पाखराच्या नावापुढे जपून लिहिले, वाचून दाखवले आणि एक वेलांटी चुकली होती ती तिच्याकडून दुरुस्त करून घेतली.

गयाबाई डोईफोडे यांना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना वरचा माळ चढायचं बळ राहो, डोळे असेच लांबचं पाहोत. ज्यांनी त्यांचं नाव गाळलं त्यांना या ग्रंथाची एकेक प्रत मी स्वतः पोचती करणार आहे. आणि गयाबाई, येत्या रविवारी साडेसहाला मी गाडी घेऊन दाराशी येते. ऐकायचं काम आता आमच्यावर सोडा. ओळखायचं मात्र अजून तुमच्याकडेच राहू द्या.